केशर

केशर आमच्या घरी आली तेव्हा जेमतेम फूटभर लांब होती. कॉर्न स्नेक ही मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली बिनविषारी जात. भारतात साप पकडून घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. इथे इंग्लंडमध्ये मात्र पाळलेल्या कॉर्न स्नेकचीच पिल्लं मिळतात आणि परवानाही लागत नाही. म्हणून लेकीचा हट्ट पुरवता आला.

केशर येण्याआधीच आम्ही तिची पेटी लावून ठेवली होती. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही. कधी उबेला, कधी गारव्याला सरकून तो अंगाचं तापमान राखतो. म्हणून थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट एकाच बाजूला. तिकडे २८ ते ३० अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. आडोसे मात्र दोन, एक उबेला आणि एक गारव्याला. आडोसा एकच असला तर सापाला ऊब आणि निर्धास्तपणा यांतलं एकच काहीतरी मिळतं. भेदरलेलं पिल्लू लपूनच बसतं, अंगाला ऊब मिळत नाही आणि खाल्लेलं पचत नाही. काचेच्या दाराला कुलूपही हवंच, कारण डोकं शिरेल तेवढ्या फटीतून साप सबंध निसटतो.

पहिला आठवडा हात लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. लेक रोज शाळेतून आली की पेटीसमोर बसायची, पाणी बदलायची आणि उठायची. जमिनीची थरथर सापाला लगेच कळते, म्हणून त्या खोलीत पळापळ बंद. मग एका रात्री बर्फातून काढून कोमट केलेलं उंदराचं पिल्लू तिने चिमट्यात धरून पुढे केलं. आडोशातून आधी जीभ आली, दोनदा लवलवली, मग नारिंगी तोंड. केशरने घास घेतला आणि लेकीने आनंदाने माझा दंड घट्ट धरला. त्यानंतरही दोन दिवस तिला उचलायचं नव्हतं. खाऊन झाल्यावर लगेच हाताळलं तर साप ओकतो.

नागपंचमीला आई सांगलीहून आलेली होती. तिने दुधाची वाटी आणली, तेव्हा नात म्हणाली, "अगं आजी, साप दूध पीत नाही. त्याला पाणीच लागतं." आईने वाटी खाली ठेवली, पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "मग हिचे डोळे असे दुधाळ का झालेत गं?" कात टाकायची वेळ आली होती. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळले, केशरने लाकडाच्या सालीवर नाक घासलं आणि मोजा उलटा काढावा तशी अखंड कात निघाली. डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या कातेतच आल्यात ना, हे आईने चष्मा लावून पाहिलं.

आज केशर चार फुटांची आहे. लेकीच्या मनगटावरून दंडाकडे ती सावकाश चढते. ती आमच्यावर माया करते असं मी म्हणणार नाही. तिला आमची भीती वाटत नाही, आणि ही भीती घालवायला आम्ही मनापासून कष्ट घेतले आहेत. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. लेक शिकायला बाहेर पडेल तेव्हा केशर माझ्याकडे राहणार, हे आमचं आधीच ठरलंय.