आडनाव काय?

थोरल्या मुलीला गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत संशोधन साहाय्यकाचे काम मिळाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेल्या या संस्थेला १९९५ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. उशिरापर्यंत चालणारे काम आणि वसईच्या गाडीची गर्दी यांचा मेळ बसेना, म्हणून संस्थेजवळच भाड्याने जागा पाहायचे ठरले.

चार रविवार सकाळची मिस्सा आटोपून आम्ही बापलेक फिल्म सिटी रस्त्याच्या परिसरात दलालामागून जिने चढत होतो. भाडे, अनामत, दलाली सारे आम्हांला मान्य होते. मात्र प्रत्येक दारात एक प्रश्न ठरलेला असे : "आडनाव काय?" ते ऐकताच कोणाचा भाचा राहायला येणार असे, तर कोणाला रंगकाम आठवे. एकाने स्पष्टच विचारले, "मासे करणार का?" मुलगी म्हणाली, "हो, बोंबीलसुद्धा!" दार बंद झाले. परतीच्या गाडीत ती हसत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र बेथलेहेमात आसरा शोधणारे योसेफ आणि मरिया उभे होते.

पाचव्या रविवारी आम्ही नागरी निवाऱ्यात गेलो. मृणाल गोरे, बाबूराव सामंत प्रभृतींनी सरकारशी झगडून सामान्यांसाठी उभारलेली ही वसाहत. तेथील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दार उघडले. मी आपणहून आडनाव सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते करारात लिहावेच लागेल. आधी चहा घ्या."

करार अकरा महिन्यांचा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. त्या धास्तीने मालक जागा कुलुपात ठेवू लागले आणि 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट रूढ झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मुदतीनंतर जागा अडवून धरणाऱ्याला कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागते. जागा बळकावली जाण्याच्या भीतीवर कायद्याने असा तोडगा काढला. आडनावाच्या भीतीवर तो काय काढणार?

नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा देताना मला एकाएकी आमच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्या आठवल्या. दोन वर्षांपूर्वी एक परधर्मीय परिचारिका त्या मागायला आली होती. मीही प्रथम आडनावच विचारले आणि म्हणालो, "पाहुणे यायचे आहेत." पाहुणे कधीच आले नाहीत. खोल्यांत केळीचे घड आणि मोडके सामान पडून राहिले.

आपली वस्ती विरळ होते आहे, वाडी आपल्यातच राहावी, अशी मी मनाची समजूत घातली होती. १९१८ साली वांद्र्यात सालसेट कॅथलिक गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिचा आपल्याला अभिमान वाटतो. आपल्या माणसांची सोय पाहणे गैर नव्हे. परंतु माझ्या खोल्या कोणाच्याच सोयीला आल्या नव्हत्या. परक्याला घरात घेणे म्हणजे प्रभूलाच घरात घेणे, हे मी किती प्रवचनांत ऐकले होते! त्या गोष्टीत आपण नेहमी दाराबाहेर असतो, असे मात्र मी धरून चाललो होतो.

नाताळापूर्वी खोल्या झाडून घेतल्या आणि जवळच्या रुग्णालयात निरोप ठेवला. परवा एक तरुण जोडपे अवघडून दारात उभे राहिले. नेहमीचा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला. तो गिळून मी म्हणालो, "आत या. आधी चहा घ्या."