गच्चीवरचा गारठा

कोल्हापुरात दव गोठत नाही. ते बघायचं तर महाबळेश्वरला जावं. तिथं वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर धरतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, आणि आम्ही ५५० च्या थोडं वर.

तरी दिवाळी उलटून आभाळ निवळलं की माझ्या गच्चीवरच्या नाजूक झाडांना गारठा बाधतो. एका हिवाळ्यात हे नीट दिसलं. पत्र्याच्या शेडखालची तुळस टवटवीत होती, तर उघड्यावरच्या तुळशीची शेंड्याची पानं काळवंडून मुडपली होती. माती तीच, पाणीही तेच. ढग नसले की दिवसभराची ऊब रात्री थेट आभाळात निघून जाते आणि पान भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतं. म्हणून तर महाबळेश्वरात हवा दोन-तीन अंशांवर असतानाही पानावर बर्फ धरतो. थोडक्यात, झाडाला आडोसा हवा तो डोक्यावर.

मी कुंडीत चार काठ्या रोवून वर जुनं सुती लुगडं टाकते, पानांना टेकणार नाही असं. पहिल्यांदा ते बघून सासूबाई म्हणाल्या, "तुळशीला गोधडी घालालीस होय गं?"

"व्हय आत्ती, थंडी वाजत्या तिला."

ऊन आलं की लुगडं काढायचं, नाहीतर आत दमट राहून बुरशी धरते. प्लॅस्टिक मला पटत नाही; ते पानाला चिकटलं की तिथंच पान खराब होतं. पाणी सकाळीच द्यायचं, कारण ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते. अ‍ॅडेनियम पानं गाळतं तेव्हा मात्र हात आखडायचा, नाहीतर गड्डा सडतो. शिरोळकडून उसाची पाचट येते, ती कुंड्यांत पसरते. त्यानं मुळं सांभाळली जातात. पानांना उपयोग नाही.

निफाडचे द्राक्षबागायतदार अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. त्यांचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं. आपल्याला एक लुगडं पुरतं.

तेव्हा यंदा जुनी सुती साडी बोहारणीला देण्याआधी एकदा गच्चीवर चक्कर मारा.