बदल्यांचा हंगाम

बॉस्टनच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठाने, क्विन्सी नावाचे शहर आहे. माझा मुलगा तेथे राहतो. २०१९च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा त्याच्याकडे हिवाळा काढायला गेलो, तेव्हा बेसबॉलविषयी मला एवढेच ठाऊक होते, की त्या खेळात फलंदाज चेंडू टोलावल्यावर बॅट टाकून देतो आणि मोकळ्या हातांनी धावत सुटतो. सारा जन्म क्रिकेट पाहण्यात गेलेल्या माणसाला हे काहीसे अशिष्टच वाटते. शिवाय मी पोचलो तेव्हा खेळ संपलेला होता. मार्चअखेरीस सुरू होणारा, प्रत्येक संघाच्या १६२ सामन्यांचा तो लांबलचक हंगाम सप्टेंबरात आवरतो, ऑक्टोबरात अजिंक्यपदाचा निकाल लागतो, आणि मग मैदानांवर बर्फ साचतो. खेळाचे बोलणे मात्र खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते, हे मला हळूहळू कळले.

हॅनकॉक स्ट्रीटवरच्या एका कॉफीच्या दुकानात रोज सकाळी चार-पाच वृद्ध जमत. मी पाय मोकळे करायला म्हणून घराबाहेर पडे आणि वारा सोसवेनासा झाला की त्या दुकानात शिरे. पहिले काही दिवस शेजारच्या टेबलाशी बसून नुसता ऐकत होतो. ही मंडळी कोणाच्या तरी लग्नाची बोलणी करीत असावीत, असे मला प्रथम वाटले. ‘वय किती त्याचे?’ ‘एकतीस.’ ‘मग सात वर्षांसाठी कशाला बांधून घ्यायचे?’ ‘गुडघा बरा आहे ना आता?’ ‘डावखुरा आहे, पण स्वभावाने शांत आहे म्हणतात.’ पुढे उलगडा झाला. स्थळ रेड सॉक्स या त्यांच्या संघासाठी पाहणे चालले होते.

या हिवाळी गप्पांना तिकडे ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे जुने नाव आहे. पूर्वी गावातल्या वाणसामानाच्या दुकानात मधोमध लोखंडी शेगडी धगधगत असे आणि कामधंदा नसलेले लोक तिच्याभोवती बसून पुढल्या हंगामाचा संघ रचीत. शेगड्या गेल्या, नाव राहिले. आमच्याकडे पारावर जे चालते तेच हे, फक्त वर पिंपळ नाही.

त्या टेबलाचा म्होरक्या भुयारी रेल्वेचा निवृत्त चालक होता. मुंबईच्या सवयीने मी त्याला मनातल्या मनात ‘मोटरमन’ म्हणू लागलो. एके दिवशी त्यानेच मान वळवून विचारले, ‘तुम्ही रोज ऐकता. तुमचे मत काय?’ मी म्हणालो, मला यातले काही कळत नाही. ‘कळते कोणाला? या, बसा इकडे.’ मग त्याने कागदी रुमालावर चौकट काढली, तिच्या कोपऱ्यांवर चार बेस मांडले आणि नऊ जणांची नावे क्रमाने लिहून काढली.

फलंदाजीचा क्रम ही त्या खेळातली मोठी मौजेची गोष्ट आहे. आपल्याकडे सलामीचा गडी बाद झाला की त्या डावापुरता सुटला. तेथे नऊ जणांचे रहाटगाडगे असते. नववा आला की पुन्हा पहिला. प्रत्येक सामन्यात ते निराळ्याच गड्यापाशी थांबते, म्हणून वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकाला नवव्यापेक्षा शंभराहून अधिक वेळा बॅट हाती मिळते. तेव्हा वर कोणाला ठेवायचे, सतत पायावर असणाऱ्याला की जोरकस मारणाऱ्याला, यावर त्या दुकानात अनेक सकाळी खर्ची पडत. निवृत्त गणित-शिक्षक असलेले एक गृहस्थ आकडेमोड मांडीत. मोटरमनला आकड्यांचा तिटकारा होता असे नाही, पण आकडा बोलून झाला की तो म्हणे, ‘आणि पावसात?’

माझे लक्ष मात्र एका सर्वनामाकडे लागलेले असे. ‘आपण याला घ्यावा.’ ‘आपण त्याला देऊन टाकावा.’ इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. पण त्या मंडळींच्या तोंडी तो निःसंशय ‘आपण’च होता, कारण आठवड्याभरात त्यात मीही सामावलो. ज्यांची त्या संघात दमडीचीही मालकी नाही, त्यांनी कोट्यवधी डॉलरांची माणसे इकडून तिकडे हलवावीत आणि कॉफी निवायच्या आत पुन्हा परत आणावीत, याचे मला हसू येई. या हसण्यात थोडी असूयाही असावी. इतक्या निर्वेधपणे ‘आपण’ म्हणावे असे माझ्याजवळ त्या परक्या गावात दुसरे काही नव्हते.

त्या हिवाळ्यात वाद एकाच नावाभोवती फिरत होता. मूकी बेट्स. फलंदाजीत पहिला, क्षेत्ररक्षणात उजव्या बाजूचा राखणदार, २०१८ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. त्याच वर्षी संघाने अजिंक्यपद मिळवले होते. वय सत्तावीस. त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते आणि नंतर तो कोठेही जायला मोकळा होणार होता. गणित-शिक्षक म्हणत, ‘पुढल्या वर्षी तो फुकट जाईल. आज बदल्यात दिला तर काहीतरी पदरात पडेल.’ हिशेबात चूक काढता येत नव्हती. फेब्रुवारी २०२०च्या प्रारंभी बातमी फुटली, एका तरुण पिचरच्या वैद्यकीय कागदांवरून सौदा काही दिवस अडला, आणि अखेर बेट्स आणि त्याच्यासोबत डेव्हिड प्राइस हे दोघे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेले. बदल्यात तीन तरुण आले.

दुसऱ्या दिवशी मोटरमनने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर उपडी ठेवली. ‘१९२०,’ एवढेच तो म्हणाला. त्या टेबलाला अधिक सांगण्याची गरज नव्हती. मला मात्र विचारावे लागले. १९२०च्या जानेवारीत हॅरी फ्रेझी या मालकाने, जो मूळचा नाटकधंद्यातला, बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजना विकल्याची बातमी आली. संघाने त्याआधी १९१८ साली जे अजिंक्यपद मिळवले होते, ते पुन्हा हाती यायला २००४ साल उजाडले. छप्पन्न नव्हे, शहाऐंशी वर्षे. मोटरमनचे वडील मधल्या मध्येच वारले होते.

घरी परतताना, जिभेवर घोळणाऱ्या त्या ‘ट्रेड’ शब्दाला मी मराठी प्रतिशब्द शोधू लागलो. व्यापार, सौदा, अदलाबदल, सगळे आठवले. पण या साऱ्यांच्या आधी जो शब्द मनात येऊन उभा राहिला तो होता ‘बदली’. मी जागच्या जागी थांबलो असे म्हणणे नाटकी होईल. बर्फावरून घसरू नये म्हणून मी तसाही थांबत थांबतच चालत होतो.

माझी नोकरी देशभर शाखा असलेल्या एका बँकेत झाली, आणि तिची शेवटची सात वर्षे मुंबईच्या कार्यालयात, कर्मचारी विभागात गेली. दरवर्षी एप्रिल-मे हा आमचा बदल्यांचा हंगाम. मुलांच्या शाळा सुरू होण्याआधी याद्या निघायला हव्यात, म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत. एका रकान्यात नावे, दुसऱ्यात सध्याचे ठिकाण, तिसऱ्यात नवे ठिकाण. खरे सांगायचे तर ते काम मला आवडे. साताऱ्याहून एकाला उचलून राऊरकेल्याला ठेवले, की राऊरकेल्याचा सुटून नागपुरास येतो, नागपूरच्याला पाटण्यास पाठवता येते, आणि एक जुळणी बिनचूक बसते. तेव्हा जो आनंद होई, तोच आनंद मी कागदी रुमालावर वाकलेल्या त्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहत होतो.

याद्या निघाल्यावर अर्ज येत. कोणाची पत्नी शिक्षिका, कोणाच्या मुलीची दहावी. कराडच्या एका अधिकाऱ्याचा अर्ज तीनदा आला. त्याची बदली सिलचरला झाली होती. आई अर्धांगाने अंथरुणावर होती आणि तो एकुलता एक मुलगा होता. अक्षर सुरेख, किंचित डावीकडे झुकलेले. तिन्ही अर्जांत तसूभर फरक नाही, जणू अधिक कळवळून लिहिणे त्याला कमीपणाचे वाटत असावे. त्याला थांबवले असते तर साखळीतली पाच नावे विस्कटत होती. ‘विनंतीचा विचार केला, परंतु प्रशासकीय निकडीमुळे ती मान्य करता येत नाही,’ या वाक्याखाली मी तीनदा सही केली. तो सिलचरला रुजू झाल्याची नोंद आली. आईचे पुढे काय झाले हे यादीच्या कोणत्याही रकान्यात येत नसल्यामुळे मला कधी कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

यातले काही मी त्या टेबलाशी बोललो नाही. पण एकदा सहज विचारले, ‘जायला सांगितले आणि खेळाडू गेला नाही, असे कधी झाले आहे का?’ मोटरमन म्हणाला, ‘एकदा. कर्ट फ्लड.’

क्विन्सीचे टॉमस क्रेन ग्रंथालय रिचर्डसन या वास्तुशिल्पीने उभारलेल्या, १८८२ सालच्या दगडी इमारतीत सुरू झाले. तेथे बसून मी फ्लडची हकिकत वाचली. तो सेंट लुइसच्या संघात बारा हंगाम खेळला, मधल्या मैदानाचा अप्रतिम राखणदार. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळवण्यात आले, की त्याची अदलाबदल होऊन तो फिलाडेल्फियाचा झाला आहे. करारातल्या एका जुन्या कलमाने खेळाडू जन्माचा संघाला बांधलेला असे. संघाने सोडले किंवा दुसऱ्याला दिले तरच त्याची सुटका. फ्लडने नाताळच्या आदल्या दिवशी बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले. इतक्या वर्षांनंतर आपल्या इच्छेची पर्वा न करता विकत घ्यावी-द्यावी अशी आपण मालमत्ता नाही, असा त्याचा आशय. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणारा हा कसला गुलाम, असे लोक म्हणाले. तो न्यायालयात गेला. वृद्ध जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आले. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. तोवर त्याचा खेळ संपला होता. १९७१ साली वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून तो निघून गेला होता. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोघांच्या तक्रारीवर निवाडा देऊन ते कलम निकामी केले, आणि करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. आज दर हिवाळ्यात ज्यांच्या किमतींवर शेगडीभोवती वाद चालतो ते सारे या निवाड्याचे वारस. आणखी एक नियम १९७३ सालापासून आहे: ज्याची दहा वर्षे खेळात झाली आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात, त्याला त्याच्या संमतीवाचून हलवता येत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटले. कराडचा तो अधिकारी नोकरीत चौदा वर्षांचा होता.

मार्च २०२०मध्ये साथीच्या भीतीने मी घाईघाईने परतलो. त्याच वर्षी बेट्सने लॉस एंजेलिसशी पुढल्या बारा वर्षांचा करार केला आणि ऑक्टोबरात अजिंक्यपदही जिंकले. मोटरमनने फोनवर या दोन्हींपैकी कशाचाही उल्लेख केला नाही.

पुन्हा गेलो तो २०२४च्या डिसेंबरात. टेबल तेच होते, गणित-शिक्षकांची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या जागी आकडे कोणी मांडायचे हा प्रश्न होता, आणि हळूहळू ते काम माझ्याकडे आले. फेब्रुवारीत संघाने ॲलेक्स ब्रेगमनला घेतले. तो तिसऱ्या बेसचा राखणदार, आदल्याच वर्षी त्या जागेचे सोनेरी ग्लोव्हचे पारितोषिक मिळवलेला. पण तिसरा बेस राफाएल डेव्हर्सचा होता. २०१७पासून तो तेथे उभा होता. ही जागा माझी आहे, असे त्याने वार्ताहरांना उघडपणे सांगितले. मोटरमन म्हणाला, ‘पोराचे घर आहे ते.’ मी रुमाल पुढे ओढला. ब्रेगमनला तिसऱ्या बेसवर ठेवले, डेव्हर्सला क्षेत्ररक्षणातून काढून नुसती फलंदाजी करणारा केले, फलंदाजीत दुसऱ्या क्रमांकावर. जुळणी बिनचूक बसली. ‘संघाच्या सोयीसाठी,’ असे मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखीचा वाटला.

संघाने तेच केले. मे महिन्यात पहिल्या बेसचा गडी जायबंदी झाला, तेव्हा ती जागा घेण्यास डेव्हर्स तयार झाला नाही. १५ जून २०२५, रविवार. त्याने त्या दिवशी यँकीजविरुद्ध होम रन मारला, सामना जिंकला, आणि संध्याकाळी तो सॅन फ्रान्सिस्कोला दिला गेल्याची बातमी आली. दहा वर्षे पुरी व्हायला त्याला अजून दोन वर्षे हवी होती.

पुण्यात तेव्हा सोमवारची सकाळ होती. तो रुमाल मी परत येताना रोजनिशीत ठेवून आणला होता, तो काढून टेबलावर उलगडला. फोन लावला. मोटरमन जागाच होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. दूरदर्शन संचाचा आवाज येत होता, तो त्याने बंद केला असावा. मग घसा खाकरून तो म्हणाला, ‘बरे, आता दुसऱ्या क्रमांकावर कोण?’

मी चष्मा लावला आणि पेन शोधू लागलो.