दोन खिडक्या

सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला ‘खिडकी’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. आत कारकून, बाहेर अर्जदार, मध्ये एक फळी आणि फळीवर अर्ज. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या चौकटीलाही खिडकीच म्हणतात, हे मला चाळिशीच्या सुमारास समजले. तेव्हापासून या दोन खिडक्यांची तुलना मनात सतत चालू आहे. दोहोंच्या व्याधी बहुतांशी एकच आहेत आणि उपायही फारसे निराळे नाहीत, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

सन 2000 च्या आगेमागे माझी नेमणूक धार जिल्ह्यातील डही भागात होती. कुक्षीच्या पलीकडचा, नर्मदेकडे उतरत जाणारा हा आदिवासी मुलूख. आपली मराठी घरे धार, देवास, इंदूर येथे नांदली. डहीत मराठी कानावर पडणे विरळाच. कचेरीत हिंदी, हाटात निमाडी आणि भिलाली. त्याच वर्षी जानेवारीत धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांतून मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, तक्रारअर्ज अशी कामे संगणकावरून होऊ लागली, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्या योजनेस स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही लाभला. त्या वातावरणात माझेही कुतूहल जागे झाले. 1998 साली बाजारात आलेले ‘व्हिज्युअल बेसिक’चे सहावे रूप मी पुस्तकावरून शिकू लागलो.

त्या भागातील एका कार्यालयात दाखल्यांसाठी बाहेरून करवून घेतलेली एक आज्ञावली बसविण्यात आली होती. ‘शोधें’ हे बटण दाबले की खिडकी पांढरी पडे, माऊसचा बाण फिरेनासा होई आणि वरच्या पट्टीवर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटत. चालक घाबरून यंत्र बंद करी आणि पुन्हा सुरू करी. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला न्यायला आलेली एक बाई मला आठवते. पाड्यावरून पायी येत असे. तिसऱ्या खेपेसही ‘मशीन बंद है’ हेच उत्तर मिळाल्यावर तिने कागद पदराच्या टोकात बांधला आणि काही न बोलता निघून गेली. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. यंत्र मात्र एकदाही बंद पडले नव्हते.

ते का, हे पुढे मला उमगले. खिडकीवाल्या आज्ञावलीपुढे निरोपांची एक रांग असते. दाबलेली प्रत्येक कळ, माऊसचा प्रत्येक टिचका, इतकेच काय, ‘तुझे चित्र पुन्हा रेखाट’ ही आज्ञाही या रांगेतूनच येते, आणि रांग उरकणारा कारकून एकच असतो. तोच उठून दप्तरखान्यात जुनी नोंद शोधायला गेला की खिडकी ओस पडते. सुमारे पाच सेकंद वाट पाहून विंडोज त्या आज्ञावलीस निरुत्तर ठरविते; आत शोध चालूच असतो. यावर उपाय तोच, जो कोणताही जाणता हेडक्लार्क करील. दप्तरखान्यात दुसऱ्यास धाडावे, खिडकीवरच्याने खिडकी सोडू नये. या दुसऱ्या कारकुनास संगणकाच्या भाषेत ‘थ्रेड’, म्हणजे धागा, असे नाव आहे.

व्हिज्युअल बेसिकमध्ये त्या काळी ‘डू-इव्हेंट्स’ नावाची एक पळवाट होती. कारकून स्वतःच दप्तरखान्यात जाई, पण अधूनमधून बाहेर डोकावून रांगेकडे पाही. तेवढ्यात उतावळ्या चालकाने तेच बटण पुन्हा दाबले, तर तोच अर्ज दुसऱ्यांदा दाखल होई आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होत. म्हणून काम सुरू होताच प्रथम बटण निष्क्रिय करावे, ‘शोध चालू आहे’ असे लिहावे, मगच पुढे जावे. जेकब नील्सन या अभ्यासकाने 1993 साली याची मापेच देऊन ठेवली आहेत. सेकंदाच्या दशांशात उत्तर आले तर माणसास ते तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. त्या बाईस तेथे दहा सेकंदांचे काम सांगणारेही कोणी नव्हते.

धागे दोन झाले की नवी अडचण उभी राहते. दोघांनी एकाच वेळी एकाच रकान्यात लिहायला घेतले तर खिडकी वेडीवाकडी होते, कधी कोसळते. देवासकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन दरबार. मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन राज्यांत, आणि पाण्याची व दिव्यांची व्यवस्थाही वेगवेगळी. माणसांनी ते 1948 पर्यंत निभावून नेले, पण यंत्राला ते साधत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक प्रणालीत एकच दंडक आहे : पडद्याला हात लावायचा तो मुख्य धाग्यानेच. दप्तरखान्यातून आलेल्याने चिठ्ठी खिडकीवरच्याच्या हाती द्यावी, स्वतः खिडकीत डोकावू नये.

दुसरी व्याधी अक्षरांची. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी ती कागदोपत्री भोगली आहे. हिंदी दप्तरात ‘काळे’ यांचे ‘काले’ होतात आणि पुढच्या पिढीला शपथपत्रे करीत बसावे लागते. त्या काळच्या आज्ञावल्यांत तर देवनागरी हा निव्वळ देखावाच असे. व्हिज्युअल बेसिकचे नेहमीचे रकाने युनिकोड दाखवू शकत नसत. म्हणून आत इंग्रजी अक्षरे साठवायची आणि वर ‘कृतिदेव’सारखा फाँट चढवायचा. त्या फाँटवाचूनच्या यंत्रावर तीच नोंद उघडली की माणसाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रास दिसे. विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला आणि खरी देवनागरी साठविण्याची सोय झाली. तरी जुन्या नोंदी नव्या लिपीत उतरविण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. मराठीचा प्रश्न आणखी बारीक. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. हिंदीला तो अर्धा ऱ लागत नाही, म्हणून हिंदीपुरती चाचणी घेऊन थांबलेली आज्ञावली आपल्या हाती आली की तेथेच अडखळते.

अक्षरांस जागाही पुरत नसे. आज्ञावली लिहिणारा आपल्या यंत्रावर रकान्यांची लांबी-उंची मोजून त्यांना जणू खिळे ठोकून ठेवी. इंग्रजी शब्द त्यात मावत. हिंदीतले ‘जाति प्रमाण-पत्र’ मात्र उजवीकडे तुटे आणि वरच्या मात्रा छाटल्या जात. कमी दृष्टीच्या चालकाने यंत्रावर मोठी अक्षरे निवडली, तर ‘सुरक्षित करें’ हे बटणच पडद्याबाहेर जाई. यावर उपाय म्हणजे मोजमाप सोडून नाते सांगणे. हा रकाना त्या नावाच्या उजवीकडे, हे बटण सर्वांत खाली, खिडकी रुंदावली तर वाढीव जागा यास, अशा ओळी-स्तंभांच्या मांडणीत सर्व घटक आपापली जागा स्वतः घेतात.

तिसरी व्याधी वाणीची. त्या भागातील कित्येक अर्जदार आडनाव लावीत नसत. रकाना रिकामा राही आणि यंत्र इंग्रजीत बजावी, ‘रनटाइम एरर 94, इनव्हॅलिड यूज ऑफ नल’. चालकाने यातून काय समजावे? तो अर्जदारास म्हणे, ‘तुम्हारा नाम ही गलत है.’ दोष वास्तविक त्याचा, ज्याने रिकाम्या रकान्याची शक्यता गृहीतच धरली नव्हती. संदेशात तीन गोष्टी असाव्यात : काय घडले, भरलेली माहिती शाबूत आहे की नाही, आणि आता काय करावे. ‘आडनाव भरलेले नाही, नसल्यास तसेच पुढे जा’ एवढे वाक्य पुरेसे होते.

निवृत्तीनंतर मी आपल्या मंडळींच्या काही मुलांना रविवारी पायथन ही भाषा शिकवितो. तिच्यासोबतच येणारे ‘टीकिंटर’ हे खिडक्या बांधण्याचे साधन फुकट असते व जुन्या यंत्रावरही चालते. मुलांचे प्रश्न ठरलेले. ‘आजोबा, बटण दाबण्याआधीच काम होऊन जाते.’ बटणाला कामाचे नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावले की ते काम तिथल्या तिथे करवून घेतले जाते. शिपायाचे नाव वहीत टिपून ठेवणे वेगळे आणि त्याला हाक मारणे वेगळे, असे मी सांगतो. ‘आजोबा, चित्र लावले तरी दिसत नाही.’ त्या चित्राचा धनी कोणी उरलेला नसतो. काम संपले की बेवारस वस्तू म्हणून पायथन ते टाकून देते. चित्र कोणाच्या तरी नावे नोंदवून ठेवले की ते टिकते. यावर मुले हसतात, आणि ते लक्षात ठेवतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकात वाचून भागत नाही. गेल्या वर्षी मुलांनी ग्रंथसूचीसाठी एक छोटी खिडकी तयार केली. मी त्यांना अट घातली की ती प्रथम ऐंशी ओलांडलेल्या एका वाचक बाईंपुढे ठेवायची आणि दहा मिनिटे तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांनी चष्मा सावरून लेखकाचे नाव शोधले, पुस्तक सापडले, आणि ‘जतन करा’च्या शेजारचे ‘काढून टाका’ हे बटण त्यांनी सहज दाबले. नोंद गेली. त्या ओशाळून म्हणाल्या, ‘माझंच चुकलं हो.’ एका मुलाने वर पाहिले आणि म्हणाला, ‘नाही आजी, बटण आम्ही चुकीच्या जागी ठेवलं.’ पुढच्या रविवारी ते बटण दुसऱ्या टोकाला गेले होते, दाबल्यावर विचारणा करू लागले होते, आणि त्याखाली ‘पूर्ववत करा’ असे एक नवे बटण आले होते.