पेटीतली पोरगी

बॉस, ब्लड ग्रुप आपल्याला माहीत असतो, पगाराची तारीख तर पाठच. पण आपण कितव्या आठवड्यात जन्मलो, हे किती जणांना सांगता येईल? मला येतं. बत्तिसावा, वजन दीड किलो. गोखिवऱ्यात शेजारच्या काकूंसाठी मी अजूनही 'पेटीतली' आहे. तीन आठवडे काचेच्या पेटीत, त्यातले बरेच दिवस ऑक्सिजनवर. आईच्या मते गोष्ट तिथेच संपली. पोरगी वाचली, शिकली, अंधेरीत नोकरीला लागली, आणखी काय हवं?

साधारण चौतिसाव्या आठवड्याआधी बाळाच्या फुफ्फुसांत 'सर्फॅक्टंट' नावाचं, साबणासारखं काम करणारं द्रव्य पुरेसं नसतं. मग श्वास सोडला की हवेच्या इवल्या पिशव्या मिटतात. हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९मध्ये दाखवलं. तरी १९६३मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक याच त्रासाने ३९ तासांत गेला. जपानच्या फुजिवारांनी १९८०मध्ये बाळांना हे द्रव्य बाहेरून दिलं आणि चित्र पालटत गेलं. म्हणजे वाचलेल्यांची मोठी बॅच आज आपल्याच वयाची आहे. ऑफिसात, लोकलमध्ये, जिममध्ये.

फुफ्फुसं विशीच्या आसपास सगळ्यात जोमात असतात, नंतर उतरण. आमच्या बॅचचा तो जोम सरासरीने थोडा कमीच भरतो. ज्यांना ऑक्सिजन जास्त दिवस लागला, त्यांचा अधिक. सगळ्यांचा नाही हं, अनेकांना काहीच जाणवत नाही.

मला जाणवायचं. पावसाळ्यात छाती घुरघुरायची. डॉक्टर म्हणाले दमा, पंप दिला. कधी लागू पडायचा, कधी नाही. अशी घरघर दम्यासारखी दिसते, पण मूळ वेगळं असू शकतं. जन्माबद्दल मात्र कुणी विचारलंच नाही. तुंगारेश्वरच्या चढावर मी मागे पडले की ग्रुपचं ठरलेलं, "स्टॅमिना नाही यार तुझा!"

गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री केली. नळीत जीव खाऊन फुंकायचं, बस्स. अपेक्षित आकड्याच्या ७८ टक्के. मॅडमचा पहिलाच प्रश्न होता, "जन्म वेळेवर झाला होता का?" फाईल कुठेय? २०१८च्या जुलैत घरात पाणी शिरलं, त्यात गेली.

आता दादाची मुलगी दोन वर्षांची आहे. तीही एकतिसाव्या आठवड्यातली. तिच्या डिस्चार्ज कार्डाचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पाच-सहा वर्षांची झाली की तिलाही नळीत फुंकता येईल. गाळ्यांची धूळ काही माझ्या हातात नाही, पण डासांची कॉइल मी घरातून हद्दपार केली. आई म्हणते, आत्या उगाच घाबरवते. दादा सिगारेट ओढायला खाली गेटपाशी जातो, आणि त्याच शर्टात येऊन तिला उचलून घेतो. त्यावरून आमचं भांडण चालू आहे.