एनएसयू

"तिकडे सुरक्षित आहे ना रे?" घरून हा प्रश्न ठरलेला. आहे हो, आमचं नेकारसुल्म तसं शांत गाव. पण शेजारच्या हाइलब्रॉनची एक गोष्ट सांगतो.

२५ एप्रिल २००७. भरदुपारी गस्तीच्या गाडीत बसलेल्या २२ वर्षांच्या पोलीस मिशेल कीझेवेटर हिला गोळी घालून मारलं. सोबतचा सहकारी जबर जखमी झाला. गाडीवर सापडला एका अनोळखी बाईचा डीएनए, आणि तोच डझनावारी इतर गुन्ह्यांतही! दोन वर्षं पोलीस तिच्या मागावर. संशयाची सुई सिंती-रोमा लोकांकडेही वळली. २००९ मध्ये उलगडा झाला : नमुने घ्यायच्या कापूसकाड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचाच तो डीएनए!

खरे मारेकरी २०११ मध्ये उघड झाले. नवनाझी टोळी. तिने स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ जणांनाही मारलं होतं, आणि तेव्हा पोलिसांचा संशय होता मृतांच्या नातलगांवरच. टोळीचं नाव एनएसयू. निव्वळ योगायोगाने आमच्या गावच्या जुन्या मोटारसायकल कारखान्याचंही तेच.

मीही इथे परकाच. चोरी झाली तर पोलीस येतील, याची मला खात्री आहे. पण आल्यावर ते आधी कोणाकडे बघतील? माझ्या लेखी सुरक्षितता म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.