पंखावरचे ते पत्रे

विमानप्रवासाची अपूर्वाई आता आपल्याकडे राहिलेली नाही. मुलगा एका शहरात, मुलगी दुसऱ्या; मग आईवडिलांना वर्षाकाठी एकदा तरी विमानात बसावंच लागतं. पण बसलं म्हणून भीती जाते थोडीच? आणि ती घालवायला आपण सगळे एकच औषध देतो, "अहो, काही होत नाही!" माझ्या मते या औषधाचा गुण कुणालाच येत नाही.

माझ्या आईचंच घ्या. गेल्या वर्षी दिल्लीहून परतताना तिला पंखामागची खिडकी मिळाली. विमान वळायला लागलं आणि पंखाच्या पाठीवरचे पत्रे एका कडेने वर उचलले गेले. थोडे थरथरले, पुन्हा खाली बसले. घरी येताच तिने जाहीर केलं, "विमान उखडत होतं. आता रेल्वेच बरी." भावाने फोनवर सांगितलं, "आई, काही नसतं ते." "नसतं कसं? मी या डोळ्यांनी पाहिलं!" झालं! आता वैशाखात दिल्लीला भाच्याची मुंज आणि रेल्वेचे दीड-दोन दिवस तिच्या गुडघ्यांना झेपणारे नाहीत. आजीशिवाय मुंज म्हणजे काय, ते मी तुम्हांला सांगायला नको.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत धरलं, लायब्ररीतून पुस्तकं आणली. आईने पाहिलं ते खरंच होतं! त्या पत्र्यांना स्पॉयलर म्हणतात, म्हणजे बिघडवणारे. बिघडवायची ती पंखाची उचल.

सायकल वळवताना आपण कलतो ना, तसं विमानही वळताना कलतं. त्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, एलेरॉन नावाची झडप असते. उजवीकडे वळायचं तर डावी झडप खाली जाते, तो पंख वर उचलला जातो. उजवी वर येते, तो पंख खाली जातो. मग स्पॉयलर कशाला? दोघीजणी वाळवणाची खाट उचलून नेताहेत असं समजा. एकीने हात जरा सैल सोडला की खाट तिच्या बाजूला कलते. उजव्या पंखावरचे पत्रे वर आले की वरून सरळ वाहणारी हवा तिथे विस्कटते, त्या पंखाची उचल कमी होते आणि विमान उजवीकडे कलतं. डावीकडचे पत्रे तेव्हा गुपचूप मिटलेले असतात.

आणखी एक फायदा मला फार आवडला. खाली गेलेली एलेरॉन उचल वाढवते, पण हवेचा अडथळाही वाढवते. त्यामुळे विमानाचं नाक वळणाच्या उलट दिशेला ओढलं जातं. स्पॉयलरचा अडथळा मात्र वळणाच्याच बाजूला असतो, म्हणजे एका कामात दुसरं काम.

शिवाय जेटचे पंख लांब आणि लवचीक. फार वेगात टोकाची एलेरॉन खाली केली, तर ती उचल वाढवण्याऐवजी पंखालाच पीळ देते. १९४७ साली पहिल्यांदा उडालेल्या बोइंग बी-४७ या अमेरिकन बाँबफेक्या विमानाला हा त्रास होता. फार वेगात एलेरॉनचा परिणाम उलटाच व्हायचा. पुढे बी-५२ च्या 'जी' प्रकारात एलेरॉन काढूनच टाकल्या आणि कलण्याचं सगळं काम स्पॉयलरवर सोपवलं.

आपल्याकडे सर्रास उडणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये दर पंखावर असे पाच पत्रे असतात. बाहेरचे चार एलेरॉनला कलण्यात मदत करतात. उतरल्यावर मात्र दोन्हीकडचे पाचही उभे राहतात, म्हणजे विमानाचा भार चाकांवर येतो आणि ब्रेक नीट लागतात.

एक गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. ५ जुलै १९७० रोजी टोरांटोला एअर कॅनडाचं डीसी-८ विमान उतरत असताना, जमीन साधारण साठ फुटांवर असतानाच सहवैमानिकाच्या हातून स्पॉयलर उघडले गेले. विमान धाडकन आदळलं, वैमानिकांनी ते पुन्हा वर नेलं, पण पंखाला आग लागून ते कोसळलं. एकशे नऊ माणसं गेली. उचल घालवणारी वस्तू म्हटल्यावर ती खेळणं नव्हेच. ए-३२० मध्ये उतरतानाचे स्पॉयलर कधी उघडायचे हे संगणक चाकांकडून खूण घेऊन ठरवतो.

बाकी सगळं आईला जेवणाच्या टेबलावर दोन फूटपट्ट्या आणि वहीचे पुठ्ठे घेऊन दाखवलं. तिने चष्मा पुसून नीट पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे विमान डावीकडे वळलं, तर उजवीकडे बसलेल्यांना पत्रे दिसतच नाहीत?"

"मिटलेलेच दिसतात."

"मग मला खिडकीच हवी. आणि पंखामागचीच. वर आलेले पुन्हा खाली बसतात की नाही, ते मी बघेन."

तिकीट काढलंय. खिडकीच्या जागेचे वेगळे पैसे पडले, ते भावाकडून वसूल करायचे आहेत.